पान्यांच्या पूजेतला रोबो

माझ्याकडे सध्या एकोणीस रोबो आहेत. वय माझं बावन्न. ही दोन वाक्यं एकामागोमाग सांगितली की समोरचा माणूस आधी हसतो, आणि मग मी हसत नाहीये हे पाहून चहा चांगला झालाय म्हणून विषय बदलतो. श्रीरामपुरात एका शाळेत मी गणित शिकवतो. दारू पीत नाही, निवडणुकीला उभा राहत नाही, सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलत नाही. त्या बदल्यात घरच्यांनी हे एवढं चालवून घेतलं आहे.

रोबो म्हणजे जत्रेत मिळणारे प्लॅस्टिकचे नव्हेत. जुन्या जपानी कार्टून मालिकांमध्ये इमारतीएवढे यंत्रमानव असायचे, डोक्यात नाहीतर पोटात एक माणूस बसून त्यांना चालवायचा. त्यांच्या धातूच्या प्रतिकृती आता नव्याने निघतात. उंचीला जेमतेम वीतभर, पण हातात घेतला की मनगट खाली जातं. सांधे कट कट आवाज करत एकेक टप्पा वळतात आणि वळवू तिथे थांबतात. डब्यात सुटे पंजे, सुटी शस्त्रं आणि जपानीतलं एक पत्रक असतं. ते पत्रक मी दर वेळी शेवटपर्यंत वाचल्यासारखं करतो.

या नादाचं मूळ साखर कारखान्याच्या कॉलनीत आहे. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर होते. कॉलनीतल्या एका घरचा मोठा मुलगा आखातात नोकरीला होता. एकदा सुट्टीवर येताना त्याने व्हीसीआर आणला आणि सोबत काही कॅसेटी. त्यातली एक जपानी यंत्रमानवाची होती, आणि ती होती अरबीत. कॉलनीतली आम्ही सगळी पोरं फरशीवर मांडी घालून ती पाहायचो. एक अक्षर कळायचं नाही. यंत्रमानव अरबीच बोलतात अशी माझी पुढे बरीच वर्षं समजूत होती. त्या कॅसेटमधला यंत्रमानव निळा होता, त्याच्या दोन्ही खांद्यांवर चाकं होती आणि रागावला की ती चाकं फिरायची. आबा रागावले की त्यांच्या कानामागची शीर फुगायची. मला चाकं जास्त आवडायची.

चाळिशी उलटल्यावर एकदा मोबाईलवर कळलं की तोच निळा यंत्रमानव धातूत निघाला आहे. आणि त्याच पानावर खाली लिहिलं होतं की सगळे संपले. मग तो पुन्हा निघेपर्यंत म्हणून मी दुसरा एक मागवला. मग आणखी एक, तोही तोपर्यंत. घरात आज जे एकोणीस आहेत ते सगळे 'तोपर्यंत' या सदरात मोडतात. निळा मात्र पुन्हा निघाला नाही.

आबांनी माझ्या पहिल्या रोबोची तपासणी केली ती लोहचुंबक लावून. निवृत्त होऊन त्यांना तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण हत्यारांची पेटी पलंगाखालीच असायची. चुंबक रोबोच्या छातीला, पाठीला, पायाला लावून पाहिलं. कुठेच चिकटलं नाही. मग नखाने टिचकी मारून आवाज ऐकला. "लोखंड न्हाई," ते म्हणाले. "जस्त हाय." आणि रोबो माझ्या हातात देऊन पेपर वाचायला लागले. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता.

बायकोचं म्हणणं निराळं होतं. तिच्या लेखी ती खेळणी होती, आणि घरातल्या मुलीचं लग्न झाल्यावर खेळणी घेऊ नयेत असा तिचा साधा मुद्दा होता. मी दर वेळी समजावून सांगायचो. हे खेळणं नाही, यंत्राची प्रतिकृती आहे, यात अमुक सांधे, तमुक टप्पे. पाहुणे आले की तेच. एकदा तिच्या बहिणीचा नातू कपाटाकडे बोट दाखवून खेळणं पाहिजे म्हणून रडायला लागला, तर मी त्या चार वर्षांच्या मुलाला सांगितलं की ते खेळणं नाही. बायको म्हणाली, "अहो, त्याच्याशी तरी वाद घालू नका." पण मी या मुद्द्यावर कधी माघार घेतली नाही. घरात माझं असं ठाम मत असलेली तेवढी एकच गोष्ट होती.

मग माझ्याकडे पांढरा आला. हा दुमडला की रेल्वेचं इंजिन व्हायचा. सव्वीस पायऱ्या होत्या. पहिल्या दिवशी मला दीड तास लागला. आबा खुर्चीत बसून बघत होते. मधे त्यांनी चष्मा काढून पुसला आणि खुर्ची पुढे ओढली. इंजिन झाल्यावर ते हातात घेतलं, उलटं केलं, फटी पाहिल्या. नख जाईल एवढीही फट कुठे नव्हती. पुन्हा उभा करून दाखव म्हणाले. उभा झाल्यावर त्याची कंबर त्यांनी स्वतः वळवली, कट कट, आणि कान जवळ नेला.

"ज्यानं कोनी हे बसवलंय," ते म्हणाले, "त्याला काम येतंय."

चाळीस वर्षं नोकरी करून आबांनी हे वाक्य कारखान्यातल्या दोनच माणसांबद्दल काढलेलं मी ऐकलं आहे. मी बसवलेला नव्हता, तरी मला बरं वाटलं.

त्या वर्षी नवरात्र संपत आलं तेव्हा आबांनी मला सांगितलं, "नवमीला तुजा तो पांढरा ठेव पूजेत."

खंडेनवमी हा आमच्या घरातला मोठा सण. इतरांचा दसरा, आमची नवमी. नोकरीत असताना वर्कशॉपात पूजा व्हायची. गळीत हंगाम तोंडावर आलेला असायचा, तरी त्या दिवशी लेथ बंद, वेल्डिंग बंद, मशीनला झेंडूच्या माळा, दारात कोहळा फोडलेला. निवृत्त झाल्यापासून आबा ती पूजा घरी करतात. पाटावर पांढरं धुतलेलं फडकं, त्यावर नट आवळायचे पाने लहान-मोठे ओळीने, हातोडा, छिन्न्या, कानशी, आणि मधोमध त्यांचं बारीक मापं घ्यायचं व्हर्निअर, जे घरात कुणी उघडायचं नाही. प्रत्येकाला हळदकुंकू, फूल, मग आरती. त्या रांगेत बाहेरची वस्तू कधी बसली नव्हती. माझी मोटारसायकलसुद्धा अंगणातच पुजली जायची. तिथे त्यांनी माझ्या रोबोला जागा दिली होती.

आता इथे माझी चूक सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघालं.

मोबाईलवर रोबो जमवणाऱ्यांचा आमचा एक ग्रुप आहे. त्यातल्या पुण्याच्या एका माणसाकडे निळा होता. खांद्यावर चाकं असलेला, मी ज्याच्यासाठी बारा वर्षं थांबलो होतो तोच. आणि त्याला नेमका पांढरा हवा होता. अदलाबदल ठरली. तो नवमीच्या दिवशी नेवाशाला सासुरवाडीला चालला होता, वाट वाकडी करून दुपारी माझ्याकडे येणार होता. मला जमलं नाही तर नाशिकचा एक जण रांगेत उभा होता, त्याच्याकडेही पांढरा होता. मी लिहिलं, या. पूजा सकाळी नऊला आटोपते, दुपारी आपण मोकळे.

पूजा नऊला आटोपते हे खरं. पण एकदा हत्यार पूजेत बसलं की दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा उचलेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हा वर्कशॉपाचा नियम आहे. हत्याराला वर्षातून तेवढीच एक सुट्टी. एकदा कारखान्याच्या एका बड्या साहेबांची जीप नवमीला दारातच पंक्चर झाली, तर त्यांना कुणी चाकाचा पाना दिला नाही; साहेब एसटीने गेले. ही गोष्ट आबांनी मला निदान वीस वेळा सांगितली आहे. मी ती साहेबांची गोष्ट म्हणून ऐकत आलो. फिटरचा मुलगा असून तो नियम मला कधी आडवाच आला नव्हता, कारण मी नवमीलाच काय, एरवीही कधी पाना उचलला नव्हता.

सकाळी पूजा झाली. पांढरा मोठ्या पाइपपान्याच्या आणि व्हर्निअरच्या मधे उभा होता. आबांनी सगळ्या हत्यारांना लावलं तसं त्यालाही हळदकुंकू लावलं, पाण्यात कालवलेलं, करंगळीशेजारच्या बोटाने, बरोबर छातीवर. मी फोटो काढला. तो इतका छान आला की ग्रुपवर टाकायचा मोह झाला होता. तेवढी अक्कल मात्र शाबूत राहिली.

दोनच्या सुमारास पुण्याचा माणूस आला. पस्तिशीचा, शांत, बोलायला नम्र. मला सर म्हणाला, आबांच्या पाया पडला. पाणी पिऊन झाल्यावर त्याने बॅगेतून डबा काढला, हातमोजे घातले आणि निळा माझ्यासमोर टीपॉयवर उभा केला.

मी त्याचं वर्णन करणार नाही. एक तर ते मला जमणार नाही, आणि जमलं तर वाचणाऱ्याला माझी काळजी वाटेल. खांद्याची चाकं मी बोटाने फिरवली. ती फिरली. एवढं पुरे.

"सर, पांढरा?" तो म्हणाला.

मी आतल्या खोलीत गेलो. पूजेशेजारी आबा खुर्ची टाकून बसले होते. दुपारभर ते असेच बसतात. मी जरा सहज आवाज काढून म्हणालो की पांढरा थोडा वेळ नेतो, एक जण बघायला आलाय.

"बघू दे की. हितनं दिसतंय त्याला."

"आबा, त्याला द्यायचाय तो. बदल्यात तो मला दुसरा देतोय. निळा."

"उद्या दे."

"तो आज चाललाय. मग निळा नाशिकला जाणार."

स्वयंपाकघरातली भांड्यांची खुडबुड थांबली, म्हणजे बायको ऐकत होती. मी म्हणालो की पाने-हातोड्यांचं ठीक आहे, पण हा काही कामाचं हत्यार नाही, याने कुणी नट आवळत नाही, तेव्हा नियम याला कसा लागू होईल. वर्गात मी सिद्धता मांडतो त्या सुरात बोललो असणार, कारण आबा माझ्याकडे बघायचे थांबले आणि पांढऱ्याकडे बघायला लागले.

"हे बग," ते म्हणाले. "मशीन असंल तर आज उचलायचं न्हाई. खेळणं असंल तर उचल, माजं काय म्हननं न्हाई. तूच सांग काय हाय ते. तुला जास्त ठावं."

ते चिडून म्हणाले असते तर सोपं गेलं असतं. ते खरंच विचारत होते. बारा वर्षं मी या घरात प्रत्येक आल्यागेल्याला जे ऐकवत आलो होतो ते त्यांनीही ऐकलंच होतं, आणि म्हणूनच तर पूजेत जागा दिली होती. बाहेर टीपॉयवर निळा उभा होता. पुण्याच्या माणसाने घड्याळ पाहिल्याचं मला पडद्यातून दिसलं.

"खेळणं आहे," मी म्हणालो.

"मग घे," आबा म्हणाले.

मी पांढरा उचलला. दोन पान्यांना धक्का न लावता उचलायला वेळ लागला. स्वयंपाकघरातली खुडबुड पुन्हा सुरू झाली.

पुढचं थोडक्यात सांगता येईल. पुण्याच्या माणसाने पांढरा हातमोज्यांत घेतला, कंबर वळवली, गुडघे वळवले, पुन्हा कंबर वळवली. मग खिशातून छोटी बॅटरी काढली आणि छातीवर उजेड पाडला. मी येता येता हळदकुंकू रुमालाने पुसलं होतं. कुंकू गेलं होतं. हळद गेली नव्हती. पांढऱ्या रंगावर पावलीएवढा पिवळा डाग होता, आणि रुमालाने घासल्यामुळे त्याला शेपटीही फुटली होती. त्याने ओला कागद काढून अलगद पुसून पाहिलं. मग बॅटरी बंद केली.

"हळद आहे ना, सर?"

"हो. पूजेत होता."

"आमच्याकडेही असते नवमी," तो म्हणाला. "आई कॉम्प्युटरला लावते." आणि थोडं थांबून, जणू वाईट बातमी आपणच आणल्यासारखं म्हणाला, "पांढऱ्यावरची हळद निघत नाही हो, सर. सॉरी."

मी त्याला आग्रह केला नाही. त्याच्या जागी मी असतो तर बॅटरीही काढली नसती, आल्या पावली गेलो असतो. त्याने निळा पुन्हा डब्यात घातला, एकेक पंजा आपापल्या खळग्यात. बायकोने त्याला नैवेद्याचं ताट खायला लावलं. जेवताना तो श्रीरामपूरच्या रस्त्यांबद्दल बोलला. साडेतीनला गाडी गेली.

पांढरा घेऊन मी आत गेलो तेव्हा आबा तसेच बसले होते. पाइपपाना आणि व्हर्निअर यांच्यामध्ये जागा मोकळी होती. काय झालं, त्यांनी विचारलं.

"नको म्हणाला. डाग पडलाय."

"कशाचा?"

मला सांगायचं नव्हतं, पण डाग समोरच होता. "हळदीचा."

आबांनी हात पुढे केला. मी पांढरा दिला. त्यांनी डाग पाहिला, अंगठ्याने एकदा चोळला, मग बोट आपल्या धोतराला पुसलं. "मीच लावली," ते म्हणाले. मी म्हणालो की जाऊ दे, मलाच आधी सांगायला पाहिजे होतं. ते खरंही होतं. मग सवयीने त्यांनी कंबर वळवली आणि थांबले.

"ढिला झालाय हितं."

त्या माणसाने जरा जास्तच वळवली होती. मी म्हणालो, घट्ट करता येईल का?

"व्हतंय की. उद्या. आज पाना उचलायचा न्हाई."

मी पांढरा त्यांच्याकडून घेऊन पुन्हा मोकळ्या जागेत ठेवायला वाकलो. मला वाटलं होतं, निदान रात्रभर राहील. आबांनी मान हलवली.

"खेळणं हाय म्हनलास ना? मग पूजेत कशाला."

तेव्हा ती रात्र पांढऱ्याने टीव्हीच्या फळीवर काढली, रिमोटच्या शेजारी.

दसऱ्याला सकाळी आबांनी पूजा उचलली, हत्यारं पुसून पेटीत ठेवली आणि पेटी बंद करण्याआधी मला हाक मारली. खिडकीच्या उजेडात जुना टॉवेल अंथरून त्यांनी पांढरा त्यावर आडवा केला. एवढ्या बारीक स्क्रूला बसेल असं हत्यार त्यांच्या पेटीत नव्हतं. मग बायकोच्या शिलाई मशीनचा छोटा स्क्रू ड्रायव्हर मागवला. त्यांचा हात हल्ली थरथरतो. ड्रायव्हरचं टोक खाचेत बसेपर्यंत थरथरत होता, बसल्यावर थांबला. मी कडेला उभा होतो, करण्यासारखं काही नव्हतं म्हणून टॉवेलचं टोक धरलं. श्रीखंडाचं आमंत्रण दोनदा येऊन गेलं. शेवटी त्यांनी दात आवळून एक पाव फेरा आणखी दिला, जो माझ्या अंदाजाने द्यायला नको होता.

"बग आता. हालायचं न्हाई."

खरंच हलत नव्हता. कंबर कट कट करत नव्हती, वळतच नव्हती. सव्वीस पायऱ्यांतल्या नवव्या पायरीला कंबर अर्धी वळवावी लागते. म्हणजे पांढऱ्याचं इंजिन आता होणार नव्हतं. मी स्क्रू पाव फेरा मागे घ्या असं म्हणू शकलो असतो. आबा चष्मा काढून पुसत होते, आणि चाळीस वर्षं मिलच्या बोल्टांवर हात चालवलेल्या माणसाला ढिला ठेवा म्हणून सांगणं मला जमलं नाही.

"चांगला झालाय," मी म्हणालो.

"झालाच पायजे."

दोन-तीन आठवड्यांनी ग्रुपवर निळ्याचा फोटो आला. नाशिकच्या माणसाच्या कपाटात, खालून उजेड सोडलेला. सगळ्यांनी अंगठे दाखवले, मीही दाखवला. आबा शेजारी बसले होते. काय बघतोस एवढं, म्हणाले. मी सांगितलं, तो निळा, जो आपल्याकडे येणार होता तो. त्यांनी मोबाईल हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, खाली-वर सरकवला आणि खांद्यांपाशी थांबले.

"ही चाकं फिरत्यात व्हय?"

"फिरतात."

आबांनी फोटो आणखी मोठा केला. एक चाक सगळ्या पडद्यावर पसरलं. त्याच्या आसाकडे ते बराच वेळ बघत राहिले.

"बुश न्हाई घातलेला," मोबाईल परत देत ते म्हणाले. "आस घासतोय त्यानं. लई दिवस टिकायचं न्हाई."